इकडील वर्तमान

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला समुद्राच्या कडेने जाणारा रस्ता आरे आणि वारे या दोन गावांवरून जातो. खाडीवर पूल नव्हता तेव्हा पुळ्याला जायचं म्हणजे निवळी-चाफे असा वळसा घालावा लागे. आता सुट्टीच्या दिवशी वाऱ्याच्या चढावर गाड्यांची रांग लागते आणि लोक कठड्याशी उभे राहून खाली दोन्ही किनाऱ्यांचे फोटो काढतात. त्यांची पाठ ज्या डोंगराकडे असते त्याच्या आतल्या अंगाला, नेवऱ्याच्या पट्ट्यात, कोतवडे नावाचं गाव आहे. तिकडे कोणी वळत नाही. वळावं असं तिथे काही दिसतही नाही. आंबा, फणस, जांभा, आणि पावसाळ्यात शेवाळलेले गडगे.

या कोतवड्याचे एक गृहस्थ अठराव्या शतकाच्या सुरुवातीला घाट चढून गेले. हरभट पटवर्धन त्यांचं नाव. इचलकरंजीच्या घोरपड्यांकडे ते उपाध्येपण करू लागले. पुढे घोरपड्यांचे चिरंजीव व्यंकटराव यांचं लग्न बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची मुलगी अनुबाई हिच्याशी झालं आणि यजमानांच्या सोयरिकीने भटजींचाही पुण्याच्या दरबाराशी संबंध आला. हरभटांच्या सात मुलांपैकी गोविंदराव, रामचंद्रराव आणि त्र्यंबकराव या तिघांनी पळी-पंचपात्र ठेवून तलवार धरली. कृष्णेपासून तुंगभद्रेपर्यंतची सरहद्द सांभाळायची, एका बाजूला कोल्हापूर आणि दुसऱ्या बाजूला हैदर अली, असं काम पेशव्यांनी या घराकडे दिलं. मिरज, सांगली, तासगाव, जमखिंडी, कुरुंदवाड ही सगळी संस्थानं त्या तीन भावांच्या वंशातून निघाली.

इतिहास एवढाच असता तर मी या घराच्या वाटेला गेलो नसतो. माझं शिक्षण विज्ञान शाखेचं, तेही पदवीपाशी थांबलेलं. मोडी मी चाळिशीच्या अलीकडे शिकलो, तीही पुस्तकावरून आणि घरातल्या जुन्या खतांवर डोळे फोडून. पण हे घर पत्रं लिहिणारं होतं. पुरुष मंडळी वर्षातले आठ महिने कर्नाटकात तळावर, वडीलधारी मिरजेत, वकील पुण्यात, आणि सगळ्यांचा सरंजाम एकत्र. हिशेब एकत्र, कर्ज एकत्र, मानापमान एकत्र. अशा घराला लिहिल्यावाचून गत्यंतरच नसतं.

ही पत्रं जगापुढे आणली तीही आमच्याच किनाऱ्यावरच्या माणसाने. वासुदेवशास्त्री खरे हे मूळचे गुहागरचे, जन्म 1858 चा. मिरजेच्या शाळेत ते संस्कृत शिकवत. नाटकं लिहिली, महाकाव्य लिहिलं, नाना फडणविसांचं चरित्र लिहिलं. पण नाव राहिलं ते ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’मुळे. 1897 पासून पटवर्धनी दप्तरातली पत्रं त्यांनी छापायला घेतली आणि 1924 साली मृत्यू येईपर्यंत बारा खंड काढले. शाळामास्तराच्या पगारात आणि शाळा सुटल्यानंतरच्या वेळात केलेलं हे काम आहे. त्या खंडांची पानं उलटताना मला अजूनही थोडी लाज वाटते. तिचं कारण पुढे येईल.

आधी असं पत्र वाचायचं कसं ते सांगतो, कारण पुष्कळ वाचक छापील पत्राची पहिली चार वाक्यं वाचून कंटाळतात आणि पुस्तक मिटतात.

वर ‘श्री’. त्याखाली मायना. मायन्यात नातं आणि पायरी दोन्ही सांगितलेली असतात: वडिलांना ‘तीर्थरूप’, धाकट्याला ‘चिरंजीव’, बरोबरीच्या सरदाराला ‘राजश्री’, धन्याला ‘श्रीमंत’. लिहिणारा धाकटा असेल तर ‘विज्ञापना’, बरोबरीचा असेल तर ‘विनंती उपरी’, मोठा असेल तर ‘आशीर्वाद’. मग ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत असावे’ हे ठरलेलं वाक्य. हे सगळं आपण ओलांडून जातो. पण ज्या काकाला पुतण्या काल ‘तीर्थस्वरूप’ लिहीत होता त्याच्याच मायन्यात आज एखादं विशेषण कमी झालं, तर घरात काहीतरी बिनसलं आहे हे ओळखावं. भांडणाची पहिली बातमी मायन्यात असते, मजकुरात ती पुष्कळ उशिरा येते.

तारखेचा घोळ वेगळाच. महिना आणि दिवस मुसलमानी चांद्र, त्याच्या आधी ‘छ’ हे अक्षर. साल शुहूर सन, तेही अरबी आकड्यांच्या शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात 1161. हे साल मृग नक्षत्रावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतं. त्यात 599 मिळवले की जून ते डिसेंबरचं इसवी साल येतं आणि 600 मिळवले की पुढच्या जानेवारी ते मे महिन्यांचं. म्हणून पानिपताची पौष शुद्ध अष्टमी, 14 जानेवारी 1761, ही याच 1161 सालात पडते. शेतकऱ्याचं वर्ष पावसाने सुरू होतं आणि सरकारचंही तेव्हाच, ही व्यवस्था मला आपल्या मार्च-एप्रिलपेक्षा शहाणपणाची वाटते. असो.

त्यानंतर ‘विशेष’ किंवा ‘इकडील वर्तमान’ म्हणून खरा मजकूर सुरू होतो. इथे आपल्या सवयीला धक्का बसतो. शत्रूची छावणी कुठे आहे, पुण्यात कोणाचं वजन वाढलं, सावकार किती व्याजाने द्यायला तयार आहे, कोणाच्या मुंजीचा मुहूर्त कधीचा, पाऊस कसा, दाणा किती महाग, घोडी कशी आहे, अमक्याला ज्वर येतो त्याला मात्रा कोणती दिली, हे सगळं एकाच दमात येतं. परिच्छेद नाही, विराम नाही. मोडीत शब्दसुद्धा तोडत नाहीत. आधी रेघ ओढून घ्यायची आणि बोरू उचलायचा तो शाई संपली म्हणजेच. शेवटी ‘बहुत काय लिहिणे, लोभ असो दिजे हे विनंती’.

आपण म्हणतो, राजकारण आणि घरगुती गोष्टी यांची ही सरमिसळ आहे. मीही कितीतरी वर्षं तसंच म्हणत होतो. पण सरमिसळ व्हायला दोन वेगळ्या वस्तू असाव्या लागतात. पटवर्धनांच्या घरात त्या वेगळ्या होत्या का?

गोविंदरावांचे वडील चिरंजीव गोपाळराव हे घरातले मोठे सेनानी. राघोबादादांशी बिनसून मिरज गेली तेव्हा ते निजामाकडे गेले आणि 1763 मध्ये राक्षसभुवनानंतर परत आले. 1771 साली ते वारले, आणि त्याच वर्षी वृद्ध गोविंदरावही. सरदारी धाकट्या वामनरावांकडे आली. तेही 1775 मध्ये गेले. मग पांडुरंगराव. 1777 मध्ये सावशीच्या लढाईत हैदराच्या फौजेने पटवर्धनांचा मोड केला, त्र्यंबकरावांचे चिरंजीव कोन्हेरराव तिथे पडले, पांडुरंगराव जखमी होऊन कैद झाले आणि श्रीरंगपट्टणच्या बंदीतच त्यांचा शेवट झाला. मागे राहिली ती लहान मुलं. थोरला हरिहरराव 1782 मध्ये गेला, आणि सहा वर्षांच्या चिंतामणरावाच्या नावाने सरंजाम चालू राहिला. कारभार चुलते गंगाधरराव पाहू लागले.

आता या दहा-बारा वर्षांतल्या पत्रात ‘चिरंजीवांस देवी आल्या होत्या, आता उतार आहे’ अशा धर्तीचं वाक्य आलं तर ते घरगुती म्हणावं की राजकीय? मूल वाचलं तर सरहद्दीवरची फौज एका नावाखाली राहते. मूल गेलं तर दत्तक कोणाचा, नजराणा किती, पुण्यात कोणाला भेटायचं, हे सुरू होतं. मूल वाचलं; मोठं होऊन चुलत्यांशी त्याचं पटलं नाही; आणि 1801 च्या सुमारास चिंतामणराव मिरज सोडून, देव बरोबर घेऊन सांगलीला गेले. एका संस्थानाची दोन झाली. सांगली शहराचा जन्म म्हणून आपण जो सांगतो तो मुळात एका एकत्र कुटुंबाचा विभक्तपणा आहे. भांडी वाटून घेतली जातात तसा मुलूख वाटला गेला.

घरातलं दुःख आणि धर्मकारण यांची गाठ कशी पडे, याचं उदाहरण परशुरामभाऊंच्या मुलीचं. खर्ड्याला 1795 मध्ये मराठी फौजांचं नेतृत्व केलेले, तासगावला गणपतीचं सात मजली गोपूर उभारणारे हेच भाऊ. त्यांची लेक बालपणीच विधवा झाली तेव्हा तिचा पुनर्विवाह करता येईल का, म्हणून त्यांनी शास्त्री-पंडितांना विचारलं आणि अनुकूल मत मिळूनही अखेर घरातूनच माघार घेतली गेली, अशी हकिकत परंपरेने सांगतात. एकोणिसाव्या शतकात पुनर्विवाहाचा वाद पेटला तेव्हा ती पुन्हा पुन्हा पुढे आली. सरदाराच्या घरातली एक मुलगी पुढच्या शतकातल्या वादातला मुद्दा झाली.

हे फक्त आपल्याकडेच असं नव्हतं. पटवर्धन मंडळी तुंगभद्रेवर होती त्याच वर्षांत अमेरिकेत एक बाई नवऱ्याला पत्रं लिहीत होती. जॉन अ‍ॅडम्स फिलाडेल्फियाला, नव्या देशाच्या उभारणीत. अ‍ॅबिगेल बोस्टनजवळ ब्रेनट्रीला, शेत आणि चार मुलं सांभाळत. त्यांची अकराशेंवर पत्रं टिकली आहेत. नवे कायदे कराल तेव्हा बायकांना विसरू नका, असं तिने 31 मार्च 1776 च्या पत्रात बजावलं, तेवढं जगाला पाठ आहे. त्याच पत्रात इंग्रज फौज निघून गेल्यावर बोस्टनमधलं त्यांचं घर किती घाण अवस्थेत सापडलं, शहरात देवीची साथ कशी आहे, पेरणीचं काय, हेही आहे. 1777 च्या जुलैत तिने लिहिलं की कॉफी दाबून ठेवणाऱ्या एका व्यापाऱ्याला बायकांच्या जमावाने धरलं, किल्ल्या काढून घेतल्या आणि कॉफी गाडीवर लादून नेली. बाजारभावाची बातमी म्हणावी, की बंडाची? आणि तीन आठवड्यांपूर्वी, त्याच महिन्यात, तिला मृत मुलगी झाली होती, तेही याच पत्रव्यवहारात आहे.

1840 साली नातवाने आजीची पत्रं छापली. छापताना काही खासगी, घरगुती मजकूर त्याने गाळला. आजीचा मान राखण्यासाठीच गाळला असेल. पुढच्या संपादकांनी मूळ कागदांवरून तो पुन्हा जागेवर बसवला, कारण कागद शिल्लक होते.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर आनंदीबाई जोशांना कसं सोडायचं? 1883 मध्ये त्या गेल्या, न्यू जर्सीत रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबात राहिल्या, 1886 मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. नवऱ्याला लिहिलेल्या त्यांच्या पत्रांत थंडी, जेवण, पोशाख यांच्याबद्दल जे येतं ते वरवर घरगुती. पण नऊवारी नेसावी की नाही, काय खावं, हा त्या काळी पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांचा विषय होता. काशीबाई कानिटकरांनी 1889 मध्ये त्यांचं चरित्र लिहिलं ते या पत्रांच्या आधारावर. एका बाईची पत्रं दुसऱ्या बाईने वाचली म्हणून त्यात चूल आणि शाळा दोन्ही शिल्लक राहिली, असं मला वाटतं.

आता बातमी चालायची कशी ते थोडं. सरदारांकडे जासूद असत, बहुधा जोडीने पाठवत. एक आजारी पडला, वाटेत अडला, तर दुसरा पोचावा. पत्र मिळाल्यावर मागे ‘पैवस्ती’ची तारीख टाकत, त्यामुळे किती दिवसांत पोचलं हे आज काढता येतं. सावकारांची व्यवस्था याहून चपळ होती, कारण त्यांचा पैसा त्यावर अवलंबून होता. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना दहाएक दिवसांत भेलशाच्या बाजूला कळली ती एका सावकारी पत्रातून, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते: दोन मोत्ये, सत्तावीस मोहरा, आणि रुपये-खुर्द्याची गणती नाही. मला त्या पत्राची करुणा नेहमीच जाणवली. त्यातली युक्ती मात्र उशिरा लक्षात आली. राज्य बुडाल्याची बातमी लपवायला सर्वांत सुरक्षित जागा कोणती? घरच्या जमाखर्चाची. कारण तो मजकूर कोणी निरखून वाचत नाही.

म्हणजे वाचत नाहीत हे त्या सावकारालाही ठाऊक होतं. मी मात्र त्याच खड्ड्यात पडलो.

वीस-बावीस वर्षांपूर्वी जवळच्या एका गावात जुन्या घरातलं मोडी पत्रांचं बाड मला पाहायला मिळालं. घरमालकांनी मोठ्या मनाने ओटीवर बसून नक्कल करायची परवानगी दिली. तीसेक पत्रं होती, बहुतेक पेशवाई संपण्याच्या आगेमागची. मी तेव्हा नवशिका. एकेक ओळ लावायला अर्धा तास लागायचा. म्हणून ठरवलं, महत्त्वाचं तेवढं उतरवायचं. पुणे, बाजीराव, इंग्रज, कुंपणी, असं काही दिसलं की वहीत ओळ लिहायची आणि त्यानंतर कंसात टीप: ‘पुढे घरगुती मजकूर’. नंतर कधीतरी येऊन उरलेलं करू. दुसऱ्या पावसाळ्यानंतर गेलो तेव्हा घर उतरवून नवीन बांधायला घेतलं होतं. बाडाला वाळवी लागलेली, वरून भिजलेलं. ते बंबात गेलं होतं. दोष कोणाला द्यायचा? त्यांनी कागद जाळले, मी मजकूर वगळला. फोटो काढावेत एवढंही मला सुचलं नव्हतं.

ती वही माझ्यापाशी आहे. त्यातलं एक पत्र 1818 नंतरचं असावं, कारण रत्नागिरीचा मुलूख इंग्रजांकडे त्याच साली आला आणि त्यात वसूल आता कुंपणीकडे द्यायचा असल्याचा उल्लेख आहे. राज्य बदलल्याचं या पट्ट्यातल्या एका घराला कसं कळलं, पैसे कुठून उभे केले, बायकांच्या अंगावरचं मोडलं का, पेरणी झाली का, कोण घाटावर गेलं, हा आज माझ्या अभ्यासाचा मुख्य प्रश्न आहे. वहीत त्या ओळीपुढे माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं आहे: पुढे घरगुती मजकूर.

खऱ्यांच्या खंडांपुढे लाज वाटते ती यामुळे. मोठ्या संपादकांनीही निवड केलीच. मूळचे याच जिल्ह्यातल्या गोविलचे गोविंद सखाराम सरदेसाई. त्यांनी 1930 ते 1934 या काळात पेशवे दप्तराचे 45 भाग काढले, त्यातल्या काही भागांना ‘खासगी जीवन’ असा विषयच दिला. सोयीचं आहे ते, मी स्वतः त्या भागांवर फार उभा आहे. तरी विषयवारीने लावलेली पत्रं वाचताना ती लिहिणाऱ्याच्या मनातली रांग तुटते, ही माझी तक्रार आहे. तोफांचा हिशेब आणि मुंजीचं बोलावणं ज्याच्या मनात शेजारी होती, त्याला ती का शेजारी वाटली हे मग कळत नाही.

आणखी एक अडचण हाताची. अठराव्या शतकातली बहुतेक पत्रं कारकुनाने लिहिलेली. धनी सांगायचा, कारकून वळणात बसवायचा. फार खासगी असेल तर शेवटच्या दोन ओळी धनी स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिही, आणि त्याहून खासगी असेल ते जासुदाच्या तोंडी सांगे. ‘मुखजबानीवरून कळेल’ असं दिसलं की समजावं, कागद इथे संपला. बायकांच्या बाबतीत तर सांगणारी आत, लिहिणारा बाहेर. त्यामुळे सगळ्यांत घरगुती वाटणारं पत्रसुद्धा परक्या पुरुषाच्या कानावरून गेलेलं असतं.

हे मला पुस्तकांपेक्षा आमच्याच घरात नीट कळलं. एक पैशाचं पोस्टकार्ड 1 जुलै 1879 ला सुरू झालं, पुढच्या वर्षी टपालाची मनिऑर्डर आली, आणि कोकणातलं घर मुंबईशी कायमचं बांधलं गेलं. माझे आजोबा गिरगावात खोलीवर, आजी आरे गावी. आजीला अक्षरओळख नव्हती; तिची कार्डं शाळेतले गुरुजी लिहून देत. त्या कार्डांत ती कधीच रडत नाही. गुरुजींसमोर कशी रडेल?

सध्या मी त्या कार्डांची नक्कल करतो आहे, एकही शब्द न वगळता, पत्त्यासकट. कालच 1956 च्या जानेवारीतलं आजोबांचं कार्ड झालं. मुंबईत संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळीबार चालले होते ते दिवस. लिहितात: सर्व खुशाल, काळजी नसावी, बाहेर जाणे बंद आहे, गिरणी बंद, त्यामुळे या महिन्याची मनिऑर्डर उशिरा येईल, मागच्या पडवीची कौलं पावसाआधी बदलावी, गडी मिळत नसेल तर वारेकरांना विचारावे. तिचं उत्तरही सापडलं आहे. गुरुजींच्या वळणदार अक्षरात ‘पैशाची घाई नाही’, खाली कौलांची संख्या, आणि कोपऱ्यात गुरुजींनीच, बहुधा तिने पुन्हा हाक मारून सांगितलं म्हणून, जागा नसताना उभं घुसवलेलं: गर्दीत जाऊ नये.